पावसाळा काढलेली हत्यारं

गोव्यात गंज सगळ्याच हत्यारांवर चढतो, त्यामुळे गंज चढला म्हणून सुतारकामाचं कुठलंही हत्यार माझ्या आवडत्यांच्या यादीतून बाद होत नाही. चवथीच्या पाटाचं किंवा माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या) चौकटीचं काम अंगावर आलेलं असताना कपाटातून काढलेली पटाशी, करवत किंवा रंधा फक्त निसणा (धारेचा दगड), कानस आणि थोडं तेल एवढ्यावर तासाभरात कामाला उभा राहतो का, एवढंच मी बघतो. जो राहतो तो आवडता. ज्याचा एखादा प्लॅस्टिकचा दात तुटला की सगळंच फेकावं लागतं, तो कितीही देखणा असो, दुसऱ्या, निराशांच्या यादीत जातो.

हत्यारांची परीक्षणं वाचताना एक गोष्ट सुटते. ती लिहिणारे बरेचसे लोक कोरड्या हवेत पाइन आणि ओक तासत असतात. आपल्याकडे साग आहे, ज्यात सिलिका असते आणि ती धार खाते. फणस आहे, ज्याचा चीक ओल्या लाकडात करवतीच्या दात्यांना चिकटून बसतो. आंबा आहे, ज्याच्या रेषा दर दोन इंचांवर दिशा बदलतात. आणि ऐन, म्हणजे आपला मत्ती, जो वाळल्यावर पटाशीशी भांडतो. त्यात समुद्राची हवा. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणून लोखंडावर बसलेला मिठाचा अदृश्य थर चार महिने ओलाच राहतो. किनाऱ्यापासून आत, सत्तरीकडे मीठ कमी, पण पाऊस भरपूर, त्यामुळे सुटका कुणाचीच नाही.

रंधा

सर्वात जास्त वापरात असलेला माझा रंधा म्हणजे पाच नंबरचा लोखंडी: १४ इंच लांब, २ इंचांचं पातं. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची ही रचना. त्याचे हक्क १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने घेतले आणि तेव्हापासून जगभर जो लोखंडी रंधा मिळतो तो थोड्याफार फरकाने तोच आहे. त्यामुळे पन्नास वर्षं जुना, म्हापशाच्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर सापडलेला सांगाडासुद्धा कामाचा असतो, फक्त ओतीव लोखंडाला तडा नसावा. तडा बहुतेक वेळा तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, दोन बाजूंना असतो. रॉकेल चोळून कोरडं पुसलं आणि वर खडू घासला की तो ओलसर काळ्या रेषेसारखा दिसतो.

नवा किंवा जुना, तळ तपासल्याशिवाय वापरू नये. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा, पातं आत ओढून पण घट्ट आवळून ठेवा आणि दहा वेळा घासा. पातं काढून घासलं तर ताण बदलतो आणि तळ सपाट झाल्याचा भास होतो. सगळ्या रेघा जायची गरज नाही. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक या तीन जागांच्या रेघा एकाच वेळी गेल्या की पुरे. तोंडाच्या पुढची पट्टी खोलगट राहिली तर मात्र आंब्यावर खपल्या उडणारच, कारण साल, म्हणजे निघणारा पातळ पापुद्रा, उचलली जाताना तिला दाबून धरायला तिथे काही नसतं.

खपल्यांवरचा दुसरा आणि जास्त खात्रीचा उपाय म्हणजे पात्याच्या पाठीवर स्क्रूने बसणारी पट्टी, कॅप आयर्न. ती धारेपासून किती मागे आहे, यावर सगळं ठरतं. सरळ रेषेच्या सागासाठी १ मिलिमीटर चालतं. आंबा किंवा फणसाच्या बुंध्याजवळचा भाग असेल तर ०.३ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या तीन पानांइतकं. एवढ्या जवळ आणताना पातं आणि पट्टी यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. दिसत असेल तर त्या फटीत लाकडाची साल घुसते, रंधा तुंबतो आणि माणूस धारेला दोष देतो. पट्टीची पुढची कड निसण्यावर थोडी उभी, साधारण ५० ते ६० अंशांची, करून घेतली की साल मुडपून बाहेर पडते आणि उपटणं थांबतं. हे एकदा जमलं की उंच कोनाचा महागडा रंधा घ्यायचं कारण उरत नाही.

लाकडी रंध्याला लोक जुनाट समजतात. पावसाळ्यात तो लोखंडी रंध्यापेक्षा बरा, कारण गंजायला फक्त पातं असतं, ते काढून तेलात पुसून ठेवलं की झालं. त्याची खोड वेगळी: शरीर फुगतं, पाचर आवळून बसते आणि तळ किंचित वळतो. जुलैत तळ सपाट केला तर जानेवारीत पुन्हा करावा लागतो. पाचर रात्रभर ठोकून ठेवू नये, काम संपलं की सैल करावी. नाहीतर फुगलेलं लाकूड गालांना चीर पाडतं.

निराशा कुठे? दुकानात टांगलेले छोटे, पत्र्याच्या बैठकीचे रंधे. ओतीव बैठकीऐवजी आत दाबलेला पत्रा असतो, त्यावर पातं फक्त दोन बिंदूंवर टेकतं आणि मत्तीची गाठ आली की थरथरतं. लाकडावर बारीक आडव्या लाटा उठतात. धार कितीही लावा, त्या जात नाहीत. पातं जाड घालून थोडा फरक पडतो, पण मग तोंड अरुंद पडतं, ते कानशीने मोठं करा, आणि एवढं करून हातात येतो मध्यम दर्जाचा रंधा. त्यापेक्षा जुना पाच नंबर शोधलेला बरा.

विजेचा ८२ मिलिमीटरचा रंधा हे वेगळंच प्रकरण. घराघरात तो एकाच कामासाठी निघतो: पावसात फुगलेलं दार. सुरुवातीला आणि शेवटी तो खोल खातो, म्हणून सुरुवातीला पुढच्या बैठकीवर दाब, मध्यावर दोन्हीकडे आणि शेवटी मागच्या बैठकीवर दाब द्यायचा. एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. खरी चूक मात्र हाताची नसते, हिशेबाची असते. आडव्या कापाचा साग रेषेच्या आडव्या दिशेने, ओलावा १ टक्का बदलला की साधारण ०.२ टक्के फुगतो किंवा आकसतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात लाकडातल्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे एक फूट रुंदीला ३ मिलिमीटर, जवळजवळ एक सूत. सलग फळ्यांचं जुनं तीन फुटी दार असेल तर तीन सूत. जुलैत दार घासून मोकळं करणाऱ्याला मार्चमध्ये फटीतून बलकाव (दारापुढचा ओटा) दिसतो. चौकटीत सुट्या तक्त्यांचं दार असेल तर फक्त उभ्या पट्ट्या हलतात, दोन्ही मिळून दोनेक मिलिमीटर. तिथे १ मिलिमीटर तासून थांबावं, घासलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग द्यावा आणि बाकीचं ऑक्टोबरवर सोडावं. उघडी राहिलेली कड पुन्हा पाणी पिते आणि दार आठवड्यात परत अडकतं.

पटाशी आणि धार

पटाशीच्या बाबतीत एकदम मत बनवू नये. नव्या पटाशीची पहिली दोन-तीन मिलिमीटर धार बऱ्याचदा वाईट असते, कारण कारखान्यात पाणी देताना किंवा सहाणेवर घासताना पातळ टोक जास्त तापलेलं असतं. तेवढं घासून टाकल्यावरच खरं पोलाद लागतं. त्यानंतर मत्तीच्या तुकड्यात आडव्या रेषेवर दहा ठोके मारा आणि धार उजेडात बघा. धार वळली असेल तर पोलाद मऊ आहे. तुकडे पडले असतील तर ते फार कडक आहे किंवा धारेचा कोन बारीक आहे. तुकडे पडले तर आधी कोन वाढवून बघा: सागाला ३० अंश पुरतात, मत्ती आणि किंदळाला ३५. वळणाऱ्या धारेला मात्र औषध नाही. अशी पटाशी रंगाचे डबे उघडायला ठेवावी.

माझ्या हाताशी सगळ्यात जास्त असलेल्या दोन पटाश्या दुकानातल्या नाहीत. लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून घडवलेल्या आहेत. त्या पोलादाला तेलात विझवावं लागतं, पाण्यात तडकतं. मग घासून चकचकीत केलेल्या अंगावर वाळक्या गवताचा पिवळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवायचं, साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस. रंग निळा झाला तर पुढे गेलात, धार मऊ राहणार. लोहाराला "निळी करू नको" एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. चिंचेची मूठ, तळाशी लोखंडी कडं आणि ठोकायला मोगरीही चिंचेचीच. लोखंडी हातोड्याने प्लॅस्टिकची मूठ ठोकायची सवय असेल तर मूठ सहा महिन्यांत फुलासारखी उमलते.

पटाशीची पूर्ण पाठ सपाट करत बसू नका. धारेजवळची एक इंच आरशासारखी झाली की पुरे. पाठ मध्ये फुगीर असेल तर ती पटाशी परत करा. खोलगट असेल तर चालते, कारण दोन्ही कडा टेकतात.

धारेसाठी आवडतं साधन म्हणजे हिऱ्याची प्लेट, एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला १०००. जपानी पाण्याचे दगड सुंदर धार देतात, पण मऊ असतात. मधेच खोलगट होतात आणि दर दोन-तीन पात्यांनंतर त्यांनाच सपाट करत बसावं लागतं. हिऱ्याची प्लेट सपाटच राहते, थोडं साबणाचं पाणी पुरतं. काम झालं की ती कोरडी करायची, नाहीतर तीही गंजते, याची जाहिरातीत कुणी वाच्यता करत नाही. शेवटी लाकडावर चिकटवलेल्या चामड्यावर हिरवी पॉलिशची वडी घासून प्रत्येक बाजूने दहा वेळा ओढायचं. इथे पटाशी फक्त मागे ओढावी, पुढे ढकलली तर चामडं कापलं जातं.

कोन धरायला हात बसलेला नसेल तर बाजूने पकडणारा, एका चाकाचा साधा गाइड घ्या. त्याचं गणित सोपं आहे. पटाशी गाइडच्या पुढे ४० मिलिमीटर आली की २५ अंश, ३० मिलिमीटर आली की ३० अंश. रंध्याचं पातं ५० ला २५ अंश आणि ३८ ला ३० अंश. एका फळीवर हे चार अंतरांचे ठोकळे ठोकून ठेवले की मोजायचं काम संपलं. स्वस्त गाइडच्या दोन जबड्यांमध्ये रंगाचे गोळे असतात, त्यामुळे अर्ध्या इंचाची पटाशी तिरकी बसते आणि धार वाकडी निघते. जबड्यांचे आतले कोपरे त्रिकोणी कानशीने साफ करा. सुधारतो.

करवत

ओढून कापणारी जपानी करवत हातात घेतली की पहिल्या दिवशी माणूस प्रेमात पडतो. पातं पातळ, कारण ओढताना ते ताणलं जातं, वाकत नाही. सागात कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, कापताना रेघ सोडत नाही. मग तीच करवत वाळलेल्या मत्तीवर किंवा सागाच्या गाठीवर लावली की तीन-चार दाते उडतात. मऊ लाकडासाठी बनवलेले ते लांब, बारीक दाते विजेच्या झटक्याने कडक केलेले असतात. टोकं निळसर-काळी दिसतात, ती त्याचीच खूण. त्यांवर कानस चालत नाही, नुसती घसरते. म्हणजे करवत संपली, नवं पातं घ्या. सागाच्या नाजूक कामाला, शिंपल्यांच्या जुन्या खिडक्यांच्या बारीक पट्ट्यांना ती ठेवावी. बाकी ठिकाणी निराशा.

कडक टोकांच्या नव्या युरोपीय करवतींचंही तेच. पहिलं वर्ष उत्तम, नंतर भंगार. म्हणून जुनी, साध्या पोलादाची करवत अजून भिंतीवर आहे. तिला धार लावायचा क्रम: आधी सपाट कानस दात्यांच्या टोकांवरून लांबीने फिरवायची, प्रत्येक टोकावर चमकता ठिपका दिसेपर्यंत. मग दाते एक आड एक डावीकडे-उजवीकडे वाकवायचे, फक्त वरचा अर्धा दाता. मुळापासून वाकवला तर मोडतो. कोरड्या सागाला काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडाच रुंद लागतो, ओल्या फणसाला जवळजवळ दीडपट, नाहीतर पातं कापात अडकतं. शेवटी त्रिकोणी कानस, चमकता ठिपका नाहीसा होईपर्यंत आणि त्याच क्षणी थांबायचं. रेषेच्या बाजूने चिरायला कानस काटकोनात, आडवं कापायला १५ ते २० अंश तिरकी.

फणसाच्या चिकासाठी विळीवर फणस कापताना जे करतो तेच: पात्याला खोबरेल. फक्त सरस लावायच्या जागेला खोबरेल लागू देऊ नका, लागलंच तर रॉकेलने पुसून वाळवा. वाळलेला चीकही रॉकेलनेच निघतो. ब्लेडवर चिकाचा थर असताना लाकूड जळतं आणि धार गेली असं वाटतं. निम्म्या वेळा धार गेलेली नसते.

पोलादाचा चौकोनी तुकडा

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त काम करणारं हत्यार म्हणजे स्क्रेपर. १५० × ६० मिलिमीटरचा, पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा पोलादाचा पत्रा. मोडक्या करवतीच्या पात्यातून कापून घेता येतो. पूर्वी मेस्त, म्हणजे सुतार मंडळी काचेच्या फुटक्या तुकड्याने हेच काम करत. काचेची धार पाच मिनिटांत जाते, याची दिवसभर पुन्हा उभी करता येते.

पत्रा शिकंज्यात धरून लांब कड कानशीने काटकोनात सपाट करा. निसण्यावर तीच कड आणि दोन्ही चेहरे घासा, कड आरशासारखी हवी. मग पत्रा आडवा ठेवून पटाशीच्या गुळगुळीत पाठीने किंवा गोल कडक सळईने चेहऱ्यावरून चार-पाचदा दाबून ओढा. पत्रा उभा करा, कडेवर सळई आधी आडवी आणि मग ५ ते १० अंश झुकवून दोन-तीनदा ओढा. सळईला तेलाचा थेंब हवा. नखाने चाचपडलं की बारीक आकडा लागतो. पत्रा अंगठ्यांनी मधे थोडा वाकवून पुढे ढकलला की मोठ्या रंध्यासारखी पण कागदापेक्षा पातळ साल निघते. नुसती पूड निघत असेल तर आकडा पडलेला नाही किंवा जास्त झुकवून मोडला आहे.

आंब्याच्या उलटसुलट रेषांवर, फणसाच्या पाटावर, शिवणीच्या देव्हाऱ्याच्या दारांवर याला तोड नाही. अंगठे भाजतात हा एकच दोष. पाठीवर चुंबकी पट्टी चिकटवली की तोही गेला.

पॉलिश पेपरबद्दल दोन ओळी. कागदी पाठीचा पेपर ऑगस्टमध्ये गुंडाळी होतो आणि दाणे गळतात. कापडी पाठीचा घ्या. गोल सँडरला चिकट डिस्कऐवजी वेलक्रोच्या, कारण चिकट डिस्क दमट हवेत उडून पडतात.

वीज

मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लायवूड चिरणं ही आपल्याकडची सर्वात वाईट सवय. कटर फरशीसाठी आहे: ११० मिलिमीटरचं ब्लेड, मिनिटाला १२-१३ हजार फेरे. काठावरचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर होतो. लाकडाच्या १८५ मिलिमीटरच्या सर्क्युलर सॉमध्ये मिनिटाला साडेपाच हजार फेरे धरले तर तो ५३ मीटर. वेगाचा फरक आहेच, पण मुख्य कमतरता दुसरी. कटरला आपोआप मिटणारं झाकण नाही आणि खटका दाबून अडकवता येतो. सागाचा ताण सुटून काप मिटला, दाते आवळले, की यंत्र मागे, अंगावर येतं. तळहात आणि मांडी यांवर जखमा होतात त्या अशाच. खोली फार तर ३४ मिलिमीटर, म्हणजे दीड इंची फळीसुद्धा एका फेरीत कापली जात नाही. याची निराशा म्हणण्यापेक्षा भीती म्हणावी.

सर्क्युलर सॉ घेतली की पहिल्याच दिवशी पट्टी बनवा. १२ मिलिमीटर प्लायवूडची ३०० मिलिमीटर रुंद तळपट्टी, तिच्यावर ७५ मिलिमीटरची सरळ पट्टी सरसाने आणि स्क्रूने बसवा. सॉची बैठक या पट्टीला टेकवून एकदा पूर्ण लांबी चिरा. तळपट्टीची कापलेली कड म्हणजेच ब्लेडची कड. पुढे ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवून क्लॅम्प करायची आणि कापायचं, मोजमाप नाही. ४० दात्यांचं ब्लेड प्लायवूडला, २४ दात्यांचं सागाची फळी लांबीने चिरायला. ४० दात्यांनी जाड साग चिरला की भुसा बाहेर पडत नाही आणि काप काळा पडतो.

ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, हे मात्र आवडतं. त्याबरोबर येणारा घोळ सांगतो. यंत्रात ६ मिलिमीटरचा कोलेट (बिट धरणारी पकड), बाजारात मिळणारी बिटं पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंची बिट ६ च्या कोलेटमध्ये जात नाही, हे बरं. धोका उलटा आहे. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचं बिट बसतं, आवळलंही जातं आणि काम करता करता हळूहळू खाली सरकतं. खोबण खोल होत जाते आणि कारण सापडत नाही. बिट घेताना दांडा व्हर्नियरने मोजा. दांडा पूर्ण आत ढकलून दोन मिलिमीटर मागे घ्या, निदान २० मिलिमीटर पकडीत हवा. एका फेरीत ३ मिलिमीटरपेक्षा खोल नको. फळीच्या बाहेरच्या कडेने डावीकडून उजवीकडे, म्हणजे समोरची कड आपल्याकडे असताना. उलट फिरवलं की यंत्र स्वतःच पळायला बघतं. चारी कडा करायच्या असतील तर आधी आडव्या रेषेची टोकं, मग लांब बाजू, म्हणजे कोपऱ्यात उडालेली खपली पुढच्या फेरीत साफ होते.

ड्रिलबद्दल एवढंच की मत्तीत पितळी स्क्रू थेट मारू नका, डोकं तुटतं. आठ नंबरच्या स्क्रूला ३ मिलिमीटरचं भोक, त्यात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळी स्क्रूला मेण लावून हाताने आवळा. समुद्राजवळच्या घराला बाहेरच्या कामात ३१६ चा स्टेनलेस वापरा, ३०४ वर चहाच्या डागांसारखे डाग येतात.

शिकंजे, गुण्या आणि ओलावा मोजायचं यंत्र

स्वस्त एफ क्लॅम्पचा सरकता जबडा दाब आला की घसरतो, कारण पट्टीवर दाते नीट कापलेले नसतात. कानशीने पट्टीच्या कडेवर पुसट आडव्या खाचा पाडल्या की बराच सुधारतो. पाऊण इंची जीआय पाइपचे क्लॅम्प जास्त विश्वासू, जस्ताच्या थरामुळे गंजही कमी. तरीही ओल्या सरसाला लोखंड टेकलं की मत्तीवर काळा डाग पडतो, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा.

खरं तर रुंद फळी जोडायला पाचरीसारखं काही नाही. दोन मजबूत पट्ट्या, त्यांच्या दोन टोकांना ठोकळे, मध्ये जोडायच्या फळ्या आणि एका बाजूला १:८ उताराच्या दोन पाचरी समोरासमोर ठोकायच्या. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून वरून एक आडवी पट्टी बांधायची. पाचरीला ठोका मारला की आवाज बदलतो, "टक" वरून "ठण" वर गेला की थांबायचं. जास्त ठोकलं तर सगळा सरस बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. पावसाळ्यात पांढरा सरस दुप्पट वेळ मागतो. डब्यावरची वेळ कोरड्या हवेची असते.

गुण्या घेताना दुकानातच तपासा. प्लायवूडच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा, त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. रेघा फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानदार कपाळाला आठी घालतो, घालू द्या. आखायला पेन्सिलीऐवजी सुरी. मशीनच्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून केलेली सुरी वर्षभर टिकते, पण ब्लेड पूर्ण हायस्पीड पोलादाचं हवं. ज्यात फक्त दाते कडक असतात ते पाठीकडून मऊ निघतं.

दोन टोकदार सुयांचं ओलावा मापक हे सगळ्यात मोठं फसवं खेळणं. सुया पाच-सहा मिलिमीटर आत जातात, पावसात वरचा थर ओला असतो, आणि आकडे परदेशी लाकडावर बेतलेले असतात. फळी एकच, सकाळी १९, दुपारी १५. तुलनेला ठीक, निर्णयाला नाही. खात्रीचा मार्ग स्वयंपाकघरातला आहे. फळीच्या टोकापासून एक फूट आत एक इंची काप घ्या, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. आपल्याकडे सावलीत वाळलेलं लाकूड पावसाळ्यात १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतं, उन्हाळ्यात १२-१३ वर. १८ वर घट्ट बसवलेला कुसू मार्चमध्ये खुळखुळतो.

कपाट

पावसाळ्याआधी, मे संपायच्या आत, सगळी हत्यारं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून मिठाचा थर काढावा, लगेच कोरडी करावीत आणि रॉकेलने पुसावीत. मग मेणाचा लेप: १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणि ३०० मिलिलिटर टर्पेंटाइन, भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचं, आगीवर कधीही नाही. शिलाई मशीनचं तेल रोजच्या हत्याराला चांगलं, पण चार महिने न उघडणाऱ्या पटाशीवरून ते उतरून जातं. चामड्याच्या पिशवीत काहीही ठेवू नये, चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं धारेला खातात.

बंद कपाटात ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब तळाशी, कापडापासून आणि भुशापासून लांब, जाळीच्या पिंजऱ्यात. एलईडी चालत नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवी. २८ अंशांवर ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३३ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६८ च्या आसपास येते, मीठ ओलं होण्याच्या रेषेच्या खाली. वीज गेली की हा हिशेब कोलमडतो, म्हणून मेणाचा लेप तरीही हवा.

गंज चढलाच तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, हत्यार दोन ते तीन तास. रात्रभर ठेवलं तर कडक पोलादाच्या धारेवर खड्डे पडतात. माडाच्या व्हिनेगरनेही होतं, वेळ जास्त लागतो आणि घरातली माणसं तक्रार करतात. बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, पुसायचं, उन्हात किंवा चुलीजवळ पूर्ण कोरडं करायचं आणि गरम असतानाच मेणाचा हात द्यायचा. लाकडी मूठ या पाण्यात बुडवायची नाही, ती फुगून पटाशीपासून सुटते.